वीस रुपयांचा डाव

आमच्या मामंजींना आजवर कुणी हरवलेलं नाही, हे जळकोटात शेंबडं पोरही सांगेल. मामंजी म्हणजे माझे सासरे, शरणबसप्पा. स्टँडजवळ कापडाचं दुकान आहे, ते आता माझा नवरा बघतो. मामंजींच्या काळात गिऱ्हाईक येऊन टेकलं की ते गल्ल्याशेजारी वीस जुने, मोठे रुपये मांडायचे. आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन उचलायचे. शेवटचा रुपया ज्याच्या हाती, तो जिंकला. जिंकणाऱ्याला ब्लाउजपीस फुकट. पहिली पाळी कायम गिऱ्हाइकाची, पाहुण्याचा मान म्हणून. लोकांना वाटायचं, केवढा सज्जन माणूस. चाळीस वर्षांत एकही ब्लाउजपीस फुकट गेला नाही.

मी बी.एस्सी. गणिताची. लग्न होऊन आले आणि आठवड्याच्या आत माझ्या लक्षात आलं की हा मान नसून सापळा आहे. समोर चारच्या पटीत रुपये असताना ज्याची पाळी, तो मेला. तुम्ही एक उचलला की मामंजी तीन उचलणार, तुम्ही दोन तर तेही दोन. दर फेरीला चार कमी, आणि शेवटचा त्यांचा. कुणी विचारलंच तर म्हणायचे, महादेवाची कृपा आणि थोडं डोकं. मी गप्प बसले. नव्या सुनेनं सासऱ्याची लबाडी चव्हाट्यावर आणायची नसते.

आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. सोलापूरच्या डॉक्टरांनी बजावलं, आणखी थांबाल तर डोळे हातचे जातील. ऑपरेशनला सोमवारची तारीखही दिली. मामंजी "ब्याड" म्हणाले. नको म्हणायचं असलं आणि कारण सांगायचं नसलं की ते कानडीत शिरतात. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. घाबरले होते. पण कधीच न हरलेला माणूस घाबरलो म्हणतोय कशाला? नवरा समजावून थकला, मी थकले. शेवटी शनिवारी दुपारी त्यांनीच अट घातली.

"मला हरवा, मग न्या कुठं न्यायचं तिथं."

मला हसू आलं आणि संतापही आला. स्वतःचे डोळे पणाला लावून हा माणूस लबाडीनं खेळणार होता. मी म्हटलं, आज तुम्ही पहिले खेळा. म्हणाले, सुनेचा मान. म्हटलं, दोन काढून अठरा करू. म्हणाले, नियम म्हणजे नियम. पलंगावर एकेक रुपया चाचपत त्यांनी मांडला. एक खाली पडला, तर हात भलतीकडेच शोधत राहिला. मीच तो उचलून दिला. वीस पुरे झाले. आपण हरणार हे मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही.

सासूबाई, शरणम्मा, दाराशी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या हा खेळ कधीच खेळल्या नव्हत्या, कारण त्यांना कुणी कधी बसवलंच नव्हतं. त्या उठल्या, कनवटीचा एक रुपया काढला आणि त्या विसांत ठेवला.

"शुभ कामाला वीस कसलं? वर एक पायजे की."

मामंजींचा हात जागीच थांबला. शंभराचा अहेर या माणसानं जन्मात केलेला नाही, कायम एकशे एक. एकदा पाकिटात वरचा रुपया घालायचा राहिला म्हणून नळदुर्गाहून माघारी आले होते. आता हा रुपया नको म्हणावं, तर वीसच का हवेत हे बायकोला सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की चाळीस वर्षांची हुशारी उघडी पडणार. चांगले कात्रीत सापडले. बरं, राहू दे, म्हणाले.

मी एक उचलला. वीस रुपये समोर आणि पाळी आपली, हे त्यांच्यावर पहिल्यांदाच आलं. त्यांनी तीन उचलले, मी एक. त्यांनी एक, मी तीन. असं करत चार उरले तेव्हा त्यांनी हात मागं घेतला आणि सासूबाईंच्या आवाजाच्या दिशेला तोंड केलं.

"तुला कवापासनं ठाऊक हाय?"

"लग्नानंतर दुसऱ्या वर्सापासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमाला जिंकायला लई आवडायचं."

मामंजींनी उरलेल्यातला एक रुपया बोटांनी चाचपला. मग म्हणाले, "आन् आजच काय झालं?"

सासूबाईंचा आवाज इतका वेळ शेंगा फोडतानाचाच होता. तो आता फुटला.

"सकाळी म्या पाणी घिऊन दारात आले. तुमी मला म्हणलात, बाई, घरात कुणी न्हाय, मागनं या."

मामंजींनी उरलेले चारही रुपये माझ्याकडं सरकवले आणि सोमवारी सोलापूरची पहिली गाडी कितीला आहे ते विचारलं.