डाव्या पंखावरची काळी रेघ

मित्रांनो, मी एक जुने, दोन आसनांचे, घरी बांधलेले विमान आहे. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. ज्याने मला बांधले त्याचा मला राग आहे, आणि ज्यांनी माझ्या रंगाचे कौतुक केले त्यांचा तर त्याहून जास्त आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. अमेरिकेतल्या नेब्रास्कात, मक्याच्या शेतांमधल्या एका घराच्या गॅरेजात झाला. डेल क्विग्लीने सुट्या भागांची खोकी मागवली आणि त्याची मोटार बाहेर बर्फात कुडकुडू लागली. डेलच्या हातात हवेवर चालणारी ठोकणी असे, त्याची बायको मार्ला हिच्या हातात लोखंडाचा ठोकळा. रिवेट, म्हणजे पत्रे जोडणारा बिनआट्यांचा खिळा, बसवायला माणसे दोन लागतात. एकाने बाहेरून ठोकायचे, दुसऱ्याने पत्र्यामागे ठोकळा घट्ट दाबून धरायचा. मागचा हात जरा हलला की रिवेट वाकडा झालाच. डेलचा दंड जाडजूड, पंखाच्या आत शिरायचा नाही. मार्लाचा हात बारीक, तो खांद्यापर्यंत आत जायचा. पत्र्याच्या कडांनी तिची कातडी सोलून निघे. ती आतून "हं" म्हणे, मग तो ठोकी. तेव्हा मला ती दोघेही फार आवडायची.

आमच्या गवताच्या धावपट्टीवर शनिवारी सकाळी विमाने उडवणारे सगळे जमतात. हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, पॅनकेक भाजले जातात, कॉफी ओतली जाते आणि विमानांच्या गप्पा रंगतात. अशाच एका शनिवारी शेजारच्या हँगरवाल्या लायलने डेलला विचारले, की पंख बांधायला कोण कोण आहे. मार्ला तिथेच पॅनकेक उलटत होती.

"कोण कोण काय? मी एकटा," डेल म्हणाला. "मार्ला नुसता ठोकळा धरते. तेवढं तर भिंतसुद्धा धरेल."

सगळे हसले. मार्लाने उलथने खाली ठेवले आणि ती घरी गेली. त्या दिवसापासून तिने ठोकळ्याला हात लावला नाही.

डाव्या पंखावरची रिवेटांची शेवटची ओळ राहिली होती. डेलने एक शब्द बोलून माफी मागितली असती तर काम झाले असते. पण माफी मागणे त्याच्या जिवावर येते. त्याने ठोकळा एका काठीला बांधला, काठी पंखात सारली आणि एका हाताने ती दाबून दुसऱ्या हाताने ठोकत सुटला. काठी घसरत होती. रिवेट आतून वाकडे बसत होते, पत्र्याला पोचे पडत होते. मग त्याने पोच्यांत लांबी भरली, घासली आणि वरून झकास लाल रंग मारला. माझ्या अंगात खोट ठेवून त्याने मला नटवले. अशा माणसाला मी काय म्हणावे?

मी उडाले तेव्हा टाळ्या पडल्या. पुढे बरीच वर्षे मी डेलला घेऊन हिंडले. पण सैल रिवेट पत्र्यात हलत राहतो, घासून घासून त्याची काळी भुकटी निघते आणि वाऱ्याने मागे ओढली जाऊन रेघ उमटते. मला तोंड नाही, माझी भाषा तेवढीच. प्रत्येक वेळी आम्ही खाली उतरलो की डेल खिशातून फडका काढी आणि ती रेघ पुसून टाकी. स्वतः मात्र मला कधी जोरात वळवत नसे. जिवाची भीती त्यालाही होतीच.

आणि बाकीचे? त्यांना सगळे दिसत होते. पण दुसऱ्याने स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानाला तोंडावर नावे ठेवायची नाहीत, अशी त्या लोकांची रीत. वाखाणण्यासारखे काही सापडले नाही की ते म्हणतात, रंग छान आहे. आपसात सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो. नवख्याला कळत नाही.

मग डेलला मोठ्या विमानाचे वेध लागले. हँगरमध्ये नवी खोकी येऊन पडली आणि मी अडगळ झाले.

मला विकत घ्यायला आला तो अँसेल टॉर्गर्सन, गुरांचा डॉक्टर. त्याच्याकडची कुरणे एकमेकांपासून इतकी लांब, की मोटारीने पोहोचेपर्यंत गाय दगावते. त्याच्याबरोबर त्याची मुलगी ब्रिट होती, तीही त्याच कामातली. दोघे मला घेऊन त्याच दिवशी घरी उडणार होते. शनिवार होता. लायलसकट सगळे माझ्याभोवती फिरले आणि एकजात म्हणाले, रंग छान आहे. बिचारा अँसेल खूश झाला. माझा मात्र संताप संताप होत होता.

डेलने त्याला एक फेरी मारून आणली. अँसेलने मला हौसेने जरा जोरात वळवले, तसे डेलने दोन्ही हातांनी आसन घट्ट धरले. उतरल्यावर ब्रिट आपली पिशवी घेऊन मागच्या आसनावर जाऊन बसलीसुद्धा. डेल पंखाजवळ आला. हात खिशात गेला, फडका बाहेर आला.

"तो फडका ठेव खाली, डेल," मार्ला म्हणाली. तिच्या हातात उलथने होते.

"इंजिनाची काजळी आहे नुसती."

"इंजिनाची काजळी पोटाखाली धरते. ही पंखावर आहे." मग ती अँसेलकडे वळली. "ही ओळ यानं एकट्यानं ठोकलीय. बाकी सगळं माझ्या हाताखालून गेलंय, त्याच्या भरवशावर मी स्वतः बसेन. या ओळीच्या नाही."

अँसेलने मुलीला उतरायला सांगितले. मग तो लायलकडे वळला. "तुम्हाला माहीत होतं?"

"आम्ही रंगाचंच म्हणालो होतो ना," लायल पुटपुटला.

ओळ नव्याने ठोका, नाहीतर मी चाललो, असे अँसेलने बजावले. मग कोणाचा हात आत जातो, याची चाचपणी झाली. पॅनकेक खाऊन सगळ्यांचे दंड सुजलेले. ब्रिटचा हात जात होता, पण तिने उभ्या जन्मात ठोकळा धरला नव्हता. शेवटी डेल माझ्या चाकाकडे बघत म्हणाला, "मार्ला, हात दे."

"आधी यांना सांग, विमान कुणी बांधलं."

डेलचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा झाला. "दोघांनी," तो म्हणाला. तिने बाही वर केली.

मग जुने रिवेट काढून दोघांनी नवे बसवले. आतून "हं", बाहेरून ठोका, एवढेच. तुम्हाला वाटेल, दोघांचे गोड झाले. अजिबात नाही. काम संपल्यावर मार्लाने ठोकळा पुसला आणि ब्रिटच्या हातात दिला. "हा विमानाबरोबर जातो," ती म्हणाली, "इथं आता कुणी धरणार नाही." डेलने नव्या खोक्यांची झाकणे पुन्हा लावून टाकली. ती खोकी अजून तशीच पडून आहेत म्हणे.

आता मी अँसेल आणि ब्रिटला घेऊन गाईंकडे जाते. त्या ओळीवर अँसेलने रंग लावलेला नाही. तिथे नुसता उघडा पत्रा चमकतो, आणि माझा रंग छान आहे असे आता कोणी म्हणत नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू घ्याल तेव्हा रंगावर जाऊ नका. ज्याने ठोकले त्यालाही विचारू नका, तो स्वतःचीच टिमकी वाजवील. मागून कोणी धरले होते ते शोधा, आणि त्या माणसाचे हात आधी बघा.