भिंतीवरची शेवंती

"फुलली! शेवंती फुलली!"

अख्खं गाव कोठाराच्या पांढऱ्या भिंतीपुढे लोटांगण घालत होतं. भिंतीवर उजेडाची सोळा पाकळ्यांची शेवंती थरथरत होती. साक्षात राजघराण्याचं फूल! आणि उन्हात काशाचा गुळगुळीत आरसा धरून रेन्झानबाबा उभा होता.

युद्ध हरल्यावर नववर्षाला तोक्योच्या सम्राटांनी आपण देव नसल्याचं जाहीर केलं, आणि महिन्याभरात हा बाबा आमच्या गावात उगवला.

"सूर्यदेवीनं तोक्यो सोडलं!" तो गरजला. "आता तिचा वंशज मी! फक्त माझ्याच हातात हे फूल फुलतं. तांदूळ अर्पण करा, युद्धावरून न आलेली पोरं मी वसंतात परत आणतो!"

या शेवटच्या वाक्यानं माझ्या सासूबाई, किसा, विरघळल्या. माझा नवरा शिंजो मांचुरियाच्या आघाडीवरून परतला नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. तरी 'वसंत' ऐकून मीही बोटांवर महिने मोजले.

"सासूबाई, हे शेवटचं पोतं. आपण खायचं काय?"

"शिंजो आला की बघू," म्हणत त्यांनी पोतं ओढत नेलंसुद्धा.

तांदूळ दिसताच वंशजाचा धीर सुटला. पोतं चाचपायला दोन्ही हात हवेत ना! "धर गं म्हातारे. मागं बांधलेलं रेशीम सोडू नकोस," म्हणत त्यानं आरसा सासूबाईंच्या हाती दिला. त्या वळल्या, आरशावर ऊन पडलं, आणि भिंतीवर तीच शेवंती!

"अगं बाई, किसा सम्राज्ञी झाली!" लोक त्यांच्या पायांकडे धावले.

"मी? माझं घरात कोंबडीसुद्धा ऐकत नाही!" सासूबाईंनी आरसा बाजूला बांधलेल्या बैलाच्या शिंगाला टेकवला. शेवंती फुललीच. "घ्या! आता याला गादीवर बसवा!"

"देवी रुसेल!" रेन्झान झेपावला, पण तोवर मी रेशीम फाडलं होतं. आरशाच्या पाठीवर तीच शेवंती ओतलेली.

"नक्षीमुळं आरसा कुठं जाड, कुठं पातळ," मी सांगितलं. "घासताना पुढची बाजू किंचित उंचसखल होते. डोळ्यांना दिसत नाही, पण उजेड कुठं गोळा होतो, कुठं पांगतो, आणि मागची नक्षी भिंतीवर उमटते. कमाल कारागिराची, देवीची नव्हे."

लोक मागं वळले तेव्हा बाबानं धूम ठोकली होती. पोतं मात्र जागेवर होतं.

घरी जाताना सासूबाईंनी पोत्याचं एक टोक धरलं, एक मी. मग म्हणाल्या, "सम्राट माणूसच आहेत, हे ऐकून मला केवढा राग आला होता गं. आता वाटतं, हे त्यांनी शिंजो निघायच्या आधी सांगायला हवं होतं."

आता वर्गात मी मुलांना सांगते: पाया पडण्याआधी प्रश्न विचारा. आणि प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या शब्दावर आपलं माणूस युद्धाला पाठवू नका.