पाय टेकला की सायकल गेली

"विकून टाक म्हणजे टाक! त्या सायकलीचं आता नावच काढू नको घरात," मोहित म्हणे. माहा स्वतःचा पोट्टा, सव्वीस वर्षांचा, अन् मलेच दम देऊन राहिला!

त्याचंबी चुकत नव्हतं म्हणा. सहा महिन्यांआधी रामदासपेठेत एका उभ्या कारचं दार धाडकन उघडलं, अन् मी सायकलीसकट रस्त्यावर. उजवं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. मी लॅबमध्ये लोकाइचं रक्त काढते, उजव्या हाताशिवाय माही काय किंमत? प्लास्टर निघालं, हात बरा झाला, पण पोट्ट्याच्या मनातली भीती काही निघाली नाही. मले दवाखान्यात पाहून तो ढसाढसा रडला होता. हे त्याले सांगजा नका.

पण माही सायकल! निळी, गिअरवाली, पन्नासाव्या वाढदिवशी माह्या पैशानं घेतलेली. ती विकू? मी नवऱ्याकडं पाहिलं. "मायलेकाच्या भांडणात मी पडत नाही," असं म्हणून त्यानं पेपर तोंडासमोर धरला. लय कामाचा माणूस!

माही सायकल म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय तुमाले समजणार नाही. माहं माहेर खाप्याजवळ. तेरा वर्षांची होती तेव्हा, दुपारी माहा मोठा भाऊ देवरावदादा झोपला की मी हळूच त्याची सायकल काढायची. दांड्याखालून पाय घालून, कैची मारत. एक दिवस त्यानं मारुतीच्या देवळाजवळ पांदणीत पकडलंच. पांदण म्हणजे वावरावावरांतून बैलगाडीपुरती गेलेली वाट. "उतर!" म्हणे. "पोरीची जात सायकल चालवते काय?" मले उतरवलं, स्वतः बसला अन् गेला निघून. मी रडत रडत पायी घरी आली. त्यानंतर सदतीस वर्षं सायकलीले हात लावला नाही मी. दादा वाईट नाही, मायेचा आहे लय. पण तो 'उतर' काही माह्या डोक्यातून उतरला नाही.

तर मोहितले म्हणलं, "शहरात नाही चालवत, जा. पण जिथं गाड्याच नाहीत अशा रस्त्यानं चालवली तर?"

"असा रस्ता राहते काय कुठं?"

"दाखवला तर?"

पोट्टा हसला. "चाल, मीबी येतो सोबत. पूर्ण रस्ताभर एकाही गाडीसाठी तुझा पाय खाली टेकला नाही, तर सायकल तुझी. पाणी प्यायले, चहा प्यायले टेकव, माहं काही म्हणणं नाही. पण गाडीले वाट द्यासाठी एकदा जरी टेकला ना, त्याच संध्याकाळी विकतो."

"मंजूर!" म्हणलं मी. माह्या तोंडाले लगाम नाहीच.

आता रस्ता आणू कुठून? पण देवाले काळजी. तिसऱ्याच दिवशी लॅबमध्ये नत्थूजी आले, शुगर तपासाले. सावनेर भागात तीस वर्षं सायकलीनं डाक वाटलेला माणूस. सुई टोचता टोचता मी विचारलं, "नत्थूजी, सावनेरवरून खाप्याकडं डांबरी सोडून जाता येते काय गा?"

"डांबरीनं जाते कोण, बाई?" सुई विसरून ते खुर्चीत सरसावून बसले. "पूर्ण पांदणीपांदणीनं नेतो तुमाले!" अन् टेबलावरचं रिपोर्टचं पाकीट घेऊन मागच्या बाजूनं नकाशा काढला. तीन कडुनिंब, मग पडकी विहीर, मग नाला, मग संत्र्याचा बगीचा, मग मारुती. माह्याच माहेराची वाट मले हा बाबा सांगून राहिला होता! आनंदानं मी त्याच्या दंडाची पट्टी सोडाचीच विसरली. "बाई, हात काळानिळा झाला," म्हणे, तेव्हा ध्यानात आलं.

इथपर्यंत सगळं सोनं. मग मी एक चूक केली. दादाच्या बायकोले, रुख्मिणीवहिनीले फोन केला. "रविवारी येऊन राहिलो आम्ही, मोहित अन् मी, पांदणीनं. सायकलीवर. काही करू नको वं, फक्त चहा ठेवजो."

आता आमच्याकडं 'फक्त चहा' म्हणलं की समोरच्यानं काय समजाचं असते, हे मले पन्नाशीतबी ध्यानात राहिलं नाही!

रविवारी सकाळी सामानाच्या टेम्पोतून सायकली सावनेरपर्यंत नेल्या. मोहितनं मित्राची सायकल आणली होती. गावाबाहेर पहिली पांदण लागली अन् काय सांगू बाप्पा! हॉर्न नाही, धूर नाही, नुसता चाकाखालच्या मातीचा आवाज. दोन्हीकडं तूर पिवळ्या फुलावर आलेली, पल्याड कापूस फुटलेला. हवेत थंडी अशी की नाक लाल अन् अंग गरम. मी वरचा गिअर टाकला अन् बोंबललीच, "मोहित, पाह्य बे, पाह्य!"

"हळू चाल, आई! वळणावर हळू!" तो मागून. पहिले दोन-तीन किलोमीटर त्याचं हेच. प्रत्येक वळणावर त्याले कार दिसे. निघे बैलगाडी. बैलगाडीवाल्यानं बैल बाजूले घेऊन आमालेच वाट दिली अन् म्हणे, "जा बाई, जोरात जा!" मी गेली जोरात!

तीन कडुनिंब झाले, विहीर झाली. नाल्यात पाणी घोट्याएवढं, मी पाय न टेकवता पार केलं, मोहित मधातच पडला. भिजलेला पोट्टा हसून हसून उठला अन् तेव्हापासून त्याचं 'हळू चाल' बंद झालं. बगीच्याजवळ तर तो माह्या पुढं निघाला, शिट्टी वाजवत! लहानपणी वाजवे तशी. मले भल्ला आनंद झाला, डोळ्यांत पाणी आलं. सोळा किलोमीटर, अन् गाडी एकबी नाही!

"आई, किती राहिलं?" दम लागून पुन्हा मागं पडलेला मोहित विचारे.

"तो पाह्य मारुती! तथून अर्धा किलोमीटर. सायकल माही झाली रे!"

एवढं म्हणलं, अन् मारुतीच्या वळणावरून पांढरी बोलेरो आली.

पूर्ण पांदण भरून. दोन्हीकडच्या काट्या गाडीले घासून राहिल्या होत्या. अन् काचेमागं कोण? देवरावदादा! डोक्याले फेटा, बाजूच्या सीटवर हार. पाहुणी सायकलीवर आली तर गावात आपली इज्जत जाईन, म्हणून घ्याले आला होता मले. सोळा किलोमीटरात एकच गाडी, अन् ती माह्याच सख्ख्या भावाची! मले रडाले आलं अन् संतापबी आला.

उतरली तर सायकल गेली. थांबली तर पडीन. मी हळूहळू गेली थेट बोनेटपर्यंत अन् उजवा हात, मोडून बरा झालेला, टेकवला बोनेटवर. पाय पायडलवर तसेच.

दादानं काचेतून मुंडकं काढलं. "उतर वं वंदे! सायकल टाकू मागं, बस आत. वहिनीनं पुरणपोळ्या केल्या, अर्धं गाव बोलावलं."

"मी उतरत नाही, दादा. गाडी मागं घे."

"मागं? अवं, वळाले जागा नाही अथी! अर्धा किलोमीटर उलटी चालवू काय?"

"हाव."

"वेडी झाली काय? उतर म्हणतो ना!"

तोच शब्द. तोच मारुती. माहं मनगट दुखाले लागलं, सायकल डुगडुगाले लागली, डावा पाय आपोआप खाली सरकला. मी मागं वळून मोहितकडं पाहिलं. त्यानं कधीचाच पाय टेकवला होता.

"आई!" तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "टेकू नको! पाय वर घे, आई!"

घेतला मी वर. अन् दादाले म्हणलं, "सदतीस वर्षांआधी अथीच उतरवलं होतं तू मले. आज नाही उतरत."

दादानं देवळाकडं पाहिलं, मग माह्याकडं. ओळखलं त्यानं. फेटा काढून सीटवर ठेवला अन् रिव्हर्स टाकला.

गाडी टिंव टिंव वाजत मागं सरकली, माह्या हाताखालचं बोनेट गेलं, अन् मी पायडल मारलं. दोनदा झोक गेला, मग सावरली. मोहित सायकल तुरीत फेकून, काट्यांतून अंग ओरबाडत गाडीमागं धावला अन् लागला ओरडाले, "येऊ द्या मामा! येऊ द्या! डावीकडं, थोडं डावीकडं!" दादा घामानं निथळत मान वळवून वळवून गाडी हाकून राहिला होता, अन् त्याच्यासमोर मी, राणीसारखी!

गावात शिरलो तर वहिनीसकट अर्धं गाव दारात. आधी उलटी गाडी पाहिली लोकाइनं, मग मले. बायाइनं ज्या काही टाळ्या वाजवल्या!

अंगणात दादा गाडीतून उतरला. वहिनीच्या हातातला पाण्याचा तांब्या त्यानंच घेतला, दुसऱ्या हातानं माही सायकल धरली.

"उतर आता," म्हणे हळूच. "पाय धू."

मग उतरली मी.