चार की आठ

"काका, पट्टी गेलीच नाही हो!" डार्करूममधून फिल्म घेऊन आलेल्या, पीएच.डी. करणाऱ्या नीरजाचा चेहरा पार उतरला होता.

श्रीधर पोंक्षे पुण्यातल्या या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं तंत्रज्ञ. त्यांना काय सांगायचं! प्रथिन खूण लावलेल्या डीएनएला चिकटलं की ती जोडी जेलीसारख्या थरात, म्हणजे जेलमध्ये, मागे रेंगाळते, फिल्मवर वर पट्टी उमटते. तोच डीएनए बिनखुणेचा भरपूर घातला की प्रथिन त्याच्याकडे वळतं आणि पट्टी नाहीशी होते. इथे झाली नव्हती. म्हणजे प्रथिन कुणालाही चिकटत होतं आणि पोरीची चार वर्षं पाण्यात गेली होती.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, सरांनी, फिल्म पाहिली. "बंद करा हे. सोमवारी दुसरा विषय बघू."

दुपारी नळ्या ठेवलेला बर्फाचा डबा आवरताना श्रीधरपंतांनी दोन नळ्या उजेडात धरल्या. नीरजासाठी बिनखुणेचा डीएनए त्यांनीच घातला होता, पण त्याची, त्यांनी स्वतः लिहिलेली '४'ची नळी भरलेलीच होती. अर्धी झाली होती ती नीरजाने लिहिलेली '8'ची, आणि तिच्यात भलताच डीएनए! जन्मभर मराठी आकडे वाचणाऱ्या डोळ्यांनी इंग्रजी आठाला चार म्हटलं होतं.

अरे देवा! मार्चमधल्या चुकीनंतर सरांनी बजावलं होतं, पुन्हा घोटाळा झाला तर टेबल सुटेल, स्टोअररूममध्ये बसावं लागेल. निवृत्तीला उरले होते आठ महिने. नळ्या बेसिनमध्ये ओतल्या असत्या तर कुणाला कळणार होतं? फार थकले होते ते. डोळ्यांना, चष्म्याला, स्वतःलाच कंटाळले होते. पण पलीकडे नीरजा टेबलावर डोकं टेकून बसली होती. ते काही बघवेना. दोन्ही नळ्या घेऊन ते सरांकडे गेले.

"सर, चूक माझी आहे. चारऐवजी आठ घातलं."

"पहिलीतली पोरंसुद्धा आकडे ओळखतात, पंत. जेल पुन्हा लावायला सांगा तिला. तिचं तीच भरेल. तुम्ही ऑफिसातून स्टोअरची किल्ली घ्या."

तिसऱ्या दिवशी नीरजा धावतच स्टोअरमध्ये आली. "काका, बघा ना!"

त्यांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. आधी पट्टी होती तिथे आता कोरं होतं.

"काहीच नाही ना?"

"काहीच नाही, काका!" ती हसत होती आणि डोळे पुसत होती.

"छान झालं," ते म्हणाले. बोटाचा डाग पडू नये म्हणून त्यांनी फिल्म कडेला धरूनच तिच्या हातात दिली.