आमच्या घरात असला काय नाय

फोंडाघाटच्या खालच्या वाडीत, गुरुदासांच्या खळ्यात त्या सकाळी काजूबिया वाळत पडल्या होत्या. त्यांची सून किशोरी ओटीवर तान्ह्या लेकीचा पाळणा हलवत होती. वाडीत आरोग्याचे काम पाहणारी आशाताई रसिका आली, पायरीवर टेकली आणि सगळ्यांसमोरच विचारू लागली.

"किशोरी, खोकताना लघवी जाता? आंग भायर येता? लपवू नको हां. तालुक्याच्या दवाखान्यात आता बाई बसतत, व्यायाम शिकयतत. लागली तर आंग वर धरूक रिंग बसयतत. बरा होता."

गुरुदास उठून गोठ्याकडे गेले. नवरा सर्वेश मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "माझ्याकडे काय बघतंस? माका काय होना नाय."

सासू शेवंती हसली. "आमच्या घरात असला काय नाय गो. चाय घे."

असे प्रश्न चारचौघांत विचारले की उत्तर सासूच देते. किशोरी पाळणा हलवत राहिली. ओली बाळंतीण असतानाच ती पाण्याच्या कळशा उचलू लागली होती. आता उभे राहिले की खाली ओढल्यासारखे होई, साडी भिजे. ओल्या वस्त्राने देवापुढे कसे जावे, म्हणून तिने सांजवात लावणेही सोडले होते. देव असला विटाळ धरत नाही, हे तिला सांगणारे घरात कोणी नव्हते.

रसिका गेल्यावर चुलीपाशी ती बोलली. "आई, रसिका सांगी होती ना, ता सगळा माका होता."

शेवंतीचा हात पिठात थांबला. "माकाय होता. सर्वेश झालो तेव्हापासून."

"इतकी वर्सां? मगे दोघाय जावया, आई. तुमी असलास तर माका भीती नाय."

जावे, असे शेवंतीला खरेच वाटले. मग तिने मान हलवली. "ह्या वयात आता कोणापुढे निजू? नि तू गेलंस तर सर्वेशाक वाडी हसतली. बाईच्या जातीक ह्या असताच. मी काय मेलंय?"

किशोरीने नवऱ्यालाही दवाखान्याचे विचारून पाहिले. "आवस सांगता ता आयक," त्याने आईवर सोपवले. "तिका काय कमी कळता?"

दुसऱ्या दिवशी शेवंतीने माजघराचे दार लावून घेतले, आपले जुने लुगडे फाडले आणि पट्टी कशी आवळून बांधायची ते सुनेला अगदी मायेने दाखवले. "हळू वड. वजन उचलताना दाबून धर. सवय होता गो."

किशोरी शिकली. उरलेला कपडा शेवंतीने टाकला नाही. "पुढे लागतलो," म्हणत नीट घडी घालून ट्रंकेत ठेवला. पाळण्यात नात झोपली होती.