बैठकीतला जपान

एकोणीसशे एकोणनव्वदच्या जानेवारीत जपानचा सम्राट वारला, त्यानंतरचा रविवार. मँचेस्टरच्या आमच्या घरी मराठी मंडळाची माणसं व्याख्यानाला जमणार होती. बाबा युनिव्हर्सिटीत जपानचा इतिहास शिकवत.

आई सकाळपासून डिंकाचे लाडू वळत होती. माझी मोठी बहीण वैजयंती ग्लासगोत बाळंत झाली होती. तिचा नवरा यशोधन तिथल्या हॉस्पिटलात सर्जन. पण नागपूरच्या बौद्ध कुटुंबातला. लग्न झालं तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव निघत नसे.

"अहो, नातू झालाय. उद्याच्या ट्रेनने जाऊन येऊ का? दोनच दिवस."

बाबा टाय बांधत होते. "खुशाल जा. पण त्या घरचं पाणी प्यायलीस, तर परत येऊ नकोस." आवाज जराही चढला नाही.

मग त्यांनी लाडवांचा डबा उचलला आणि पाहुण्यांच्या ताटलीत सगळे लाडू स्वतः रचले.

व्याख्यान रंगलं. अठराशे अडुसष्टनंतरच्या चाळीसेक वर्षांत जपानने रेल्वे टाकली, शाळा काढल्या, आरमार बांधलं. रशियाला हरवलं, कोरिया गिळला.

"आणि त्यांच्यातले अस्पृश्य?" विनयकाकांनी विचारलं. "त्यांना काही मिळालं का या प्रोग्रेसमधून?"

"अठराशे एकाहत्तरचा हुकूम!" बाबा खुलले. "कागदावर सगळे समान. तर काही ठिकाणी शेतकऱ्यांनी त्यांच्या वस्त्याच जाळल्या. आजसुद्धा लग्नाआधी मुलाचं मूळ गाव गुपचूप शोधणारे आहेत. इमॅजिन! बसायला बुलेट ट्रेन आणि डोकं सरंजामशाहीतलं. रानटीपणा, दुसरं काय?"

टाळ्या पडल्या.

"वहिनी, लाडू फर्स्ट क्लास हं!" सीमाकाकू हसल्या. "कोण बाळंत झालंय?"

"कोणी नाही," उत्तर बाबांनीच दिलं. "थंडी आहे ना."

आई रिकामे कप गोळा करत राहिली.

सोमवारी दुपारी ती स्वयंपाकघरात कोसळली. अँब्युलन्स आली तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अंत्यविधीला वैजयंती आली. मागून शालीत गुंडाळलेलं बाळ घेऊन यशोधन. क्रेमॅटोरियमच्या दारात बाबा त्याच्यासमोर उभे राहिले.

"ती आत येईल. तुम्ही नाही." इतक्या सभ्यपणे, की मागच्यांना वाटलं, विचारपूस चाललीय.

यशोधनने बाळ वैजयंतीकडे दिलं आणि तो माघारी वळला. मी पुढे सरले, तसा सीमाकाकूंनी माझा हात दाबला. "आज नको गं अनुराधा. नंतर बोलू."

गप्प बसायला मी आईकडूनच शिकले होते. हात सोडवून मी यशोधनची बाही धरली आणि मंडळाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"बाबा, तुम्ही जात पाळता. जातीपायी तुम्ही आईला नातवाचं तोंड पाहू दिलं नाहीत. यशोधन पहिल्या रांगेत बसेल. तुम्हाला चालत नसेल, तर तुम्ही बाहेर थांबा."