राण्यांच्या दारावरचं गाठोडं

सोनं मागणारा माणूस समजतो, मत मागणारा समजतो, उसने पैसे मागणारा तर फारच लवकर समजतो. पण जो माणूस सकाळी सकाळी दारात उभा राहून अदबीने कांद्याच्या साली मागतो, त्याच्यापासून जपून असावं, असं जयवंत राणे यांचं मत होतं. राणे विरार पश्चिमेच्या ‘शुभंकर’ सोसायटीचे सेक्रेटरी असल्यामुळे त्यांचं मत हे पाण्याच्या वेळापत्रकाइतकंच गांभीर्याने घेतलं जाई.

साली मागणाऱ्या दोघी होत्या, स्वप्ना आणि रीमा. मुंबईच्या एका कला महाविद्यालयात त्या कापडाचं शिक्षण घेत होत्या. कापडात शिकण्यासारखं काय असतं, हा राण्यांचा पहिला संशय. मीटरवर घ्यायचं आणि शिंप्याकडे टाकायचं, इतका तो विषय सोपा होता. वसईच्या फ्रेडरिकने आपला वरच्या मजल्यावरचा फ्लॅट या मुलींना भाड्याने दिला, तेव्हा राण्यांनी त्याला फोन करून विचारलंही होतं, “मुली कशा आहेत?”

“एक नंबर!” फ्रेडरिक म्हणाला. “कच्छला जाऊन आल्या अभ्यासाला. विणकरांच्या घरी राहिल्या. आता गच्चीवर रंगवायचं काम करनार. विरारला ऊन भरपूर नि भाडा कमी, म्हनून आल्या.”

अभ्यासाला माणूस वाचनालयात जातो, कच्छला जात नाही. दुसरा संशय.

मग मागण्या सुरू झाल्या. कांद्याच्या सालींनंतर डाळिंबाची टरफलं. देवळाबाहेरच्या हारवाल्याकडून सुकलेल्या झेंडूच्या गोणी. भंगारवाल्याकडून गंजलेले खिळे. ते खिळे एका माठात गुळाच्या पाण्यात घालून गच्चीच्या कोपऱ्यात ठेवले होते आणि माठावर फडकं बांधलेलं होतं. राण्यांनी ते फडकं उचलून वास घेतला आणि पुढचे दोन घास त्यांना जेवणात गोड लागले नाहीत.

“काका, हे सगळं नैसर्गिक आहे,” स्वप्ना म्हणाली होती. “आम्ही नवीन काही विकतच घेत नाही. लोक टाकून देतात त्यातून रंग काढतो. पृथ्वीवर भार नको.”

“आणि सोसायटीच्या गटारावर?”

“ते पाणी आम्ही तुळशीला घालतो.”

“सोसायटीची तुळस आहे ती,” राणे म्हणाले. तुळस मात्र त्या महिन्यात विनाकारण तरारली होती. राण्यांनी तेही मनात नोंदवून ठेवलं.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. राणे अंधश्रद्धाळू नव्हते. मागच्या गणेशोत्सवात सोसायटीत अंधश्रद्धेवर व्याख्यान झालं, त्याचे अध्यक्ष तेच होते. समारोपात त्यांनी ‘विज्ञाननिष्ठा’ हा शब्द न अडखळता उच्चारला होता. पण राणे मूळचे मालवणकडचे, आणि माणसाने गाव सोडला तरी गाव माणसाला फोन करत राहतो.

शिवाय वेळ नाजूक होती. राण्यांची एकुलती एक मुलगी पिंकी, कुरियरच्या कंपनीत नोकरीला. तिची दोन स्थळं जुळता जुळता फिसकटली होती. पहिल्याला पत्रिका नडली, दुसऱ्याला विरार लांब पडलं. तिसरं दहिसरच्या परबांचं. मुलगा विघ्नेश, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा, सालस. विघ्नेशच्या आई पाहायला आल्या तेव्हाच त्यांनी पिंकीला एक रेशमी साडी दिली होती आणि रविवारी चार वाजता याद्या करायला येऊ तेव्हा हीच नेसायची, असं हसत हसत बजावलं होतं. साडी जवळजवळ पांढरी होती, हिरव्या बारीक काठाची.

“लग्नाच्या मुलीला पांढरी साडी?” पाहुणे गेल्यावर सरोजिनी, म्हणजे राण्यांची बायको, कुजबुजली होती.

“क्रीम आहे, आई. त्या तीनदा म्हणाल्या, क्रीम, लेटेस्ट,” पिंकी म्हणाली. तिचा चेहरा मात्र पांढरी म्हणत होता.

तर हा रविवार उजाडला. सरोजिनी न्हाणीघरात, पिंकी सकाळीच पार्लरला गेलेली. राण्यांनी दूध घ्यायला दार उघडलं आणि त्यांचा हात तसाच राहिला.

सेफ्टी डोअरच्या कडीला एक गाठोडं टांगलं होतं. चांगल्या जून दुधीएवढं. कापडाची घट्ट वळकटी, तिच्यावर आडवा-उभा काळा दोरा आवळलेला. एका टोकातून गंजक्या खिळ्याचं डोकं बाहेर आलेलं. झेंडूच्या चेपलेल्या पाकळ्या, कुठे हळदीसारखं पिवळं, कुठे रक्त वाळल्यासारखं तांबूस. आणि दोऱ्यात अडकवलेल्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर एकच अक्षर: पिं.

दोन स्थळं कशी मोडली, हे कोडं राण्यांना त्या क्षणी सुटलं.

त्यांनी दार लोटून घेतलं आणि मालवणला मामांना फोन लावला, दबक्या आवाजात.

“हात लाव नको हां, जयवंता,” मामा म्हणाले. एवढ्या सकाळीही ते अशा कामाला तयार असत. “पावणे येवच्या आधी खाऱ्या पाण्यात सोड. आनी सोडलंस काय मागे वळान बघू नको. मागे बघलंस तर ता परत येता.”

“मामा, मी या गोष्टी मानत नाही.”

“तू मानू नको. फकत सोड.”

इतकी सोय असताना विज्ञाननिष्ठेला अडचण नव्हती. राण्यांनी सांडशीने गाठोडं कडीवरून उतरवलं, साडीच्या दुकानाच्या पिशवीत घातलं, न्हाणीघराच्या दारावरून “जरा फुलं घेऊन येतो” असं ओरडले आणि रिक्षा केली.

“राजोडी,” ते म्हणाले. “बीच.”

“एकटेच, काका?” रिक्षावाल्याने आरशातून विचारलं. राण्यांनी पिशवी मांडीवरून पायाशी ठेवली. मग, पाय लागतोय म्हणून, सीटच्या कोपऱ्यात. शेवटी दोन बोटांनी बाहेर धरून बसले.

राजोडीच्या किनाऱ्यावर रविवारची माणसं होती. बोरिवलीचा एक कुटुंबकबिला डबे उघडून बसला होता. सुरूच्या झाडांखाली सालोमी नावाची बाई शहाळी विकत होती. राणे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरले, डोळे मिटून “ज्याचं त्याच्याकडे जाऊ दे” असं पुटपुटले आणि पिशवी उलटी केली. मग वळले आणि किनाऱ्याकडे चालू लागले. मागे न बघता.

समुद्राला मामांचा नियम माहीत नव्हता. भरतीची वेळ. लाट आली आणि तिने गाठोडं राण्यांच्या पावलांमागोमाग वाळूवर आणून ठेवलं.

“ओ काका!” सालोमी ओरडली. “तुमचा सामान ऱ्हायला!”

राणे चालत राहिले.

“ओ चष्मेवाले! मागे बघा ना! पान्यातून आला परत!”

मागे बघायचं नव्हतं. राण्यांनी चाल वाढवली. हाक मारल्यावर जो माणूस वळत नाही आणि उलट पळायच्या बेतात येतो, त्याच्याबद्दल किनाऱ्यावरच्या लोकांचं मत बनायला वेळ लागत नाही. त्या वर्षी बेवारस वस्तूंच्या सूचना सगळीकडे लागलेल्या होत्या. बोरिवलीकरांनी डबे झाकले. दोन कोळी जाळं खाली टाकून उठले. आणि सुरूंच्या तोंडाशी सालोमी वाट अडवून उभी राहिली. तिच्या हातात शहाळ्याचा कोयता होता.

“काय टाकलात?”

“काही नाही.”

“काय नाय तर पलता कशाला?” तिने आता दुरूनच गाठोड्याकडे नीट पाहिलं. आकार पाहिला, आवळलेला दोरा पाहिला, आणि तिचा आवाज बदलला. तिने छातीवर क्रूस केला. “बाल-बील नाय ना त्यात?”

“छे छे! भलतंच काय!”

“मग करनी हाय. झेंडू दिसतो. तुमची पीडा तुमच्याकडे ठेवा ना. आमचे पोरे पोहतात हितं. दर्या काय तुमच्या बिल्डिंगची कचरापेटी हाय?”

“मी सेक्रेटरी आहे,” राणे म्हणाले. हे वाक्य आजवर कधी वाया गेलं नव्हतं.

“मग उघडा, सेक्रेटरीसाहेब. सगल्यांसमोर.”

वर्तुळ झालं. एका कोळ्याने पायानेच गाठोडं राण्यांपुढे सरकवलं. राण्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. शेवटी सालोमीनेच वाकून कोयत्याच्या टोकाने दोरा कापला आणि चटकन मागे झाली. वळकटी सैल पडली. खिळे गळले, सालींचा लगदा गळला, आणि वाऱ्याने कापडाचं एक टोक उचललं. मग दुसरी घडी, तिसरी.

पांढऱ्यावर झेंडूच्या पाकळ्या जशाच्या तशा उमटल्या होत्या. एकेक सुटी, केशरी. सालींचा विटकरी रंग कडेने पसरला होता, आणि खिळ्यांच्या जागी धुरकट निळसर काळे ठसे होते, पहाटेच्या पक्ष्यांसारखे. खाली बारीक हिरवा काठ.

तो काठ राण्यांनी ओळखला. दहिसरच्या परबांकडून आलेला.

“साडी हाय की!” सालोमी म्हणाली. “बायकोची?”

“मुलीची.”

“मग दर्यात का टाकलात?”

राण्यांनी सगळी खरी उत्तरं मनात तपासली. एकही सांगण्यासारखं नव्हतं.

“भिजवायची होती.”

“दर्यात?”

“नवीन पद्धत आहे.”

सालोमीने कोयता खाली केला. “विरारवाले,” ती कोळ्यांना म्हणाली, आणि गर्दी पांगली.

ओली, सुटलेली साडी हातावर घेऊन राणे परतले, तेव्हा घराच्या दारात तिघी उभ्या होत्या. सरोजिनी, पिंकी आणि डोळे सुजलेली स्वप्ना.

“काका, तुम्ही सोडलंत ते?” स्वप्ना किंचाळलीच. “आमच्यात जिचं कापड तिनेच सोडायचं असतं! आत काय उमटलंय ते आम्हालाही माहीत नसतं, म्हणून तर दाराला लावून आलो. पिंकीने पार्लरहून आल्यावर सोडायचं ठरलं होतं.”

“मीच दिली होती साडी, बाबा,” पिंकी म्हणाली. “पांढरी नेसून बसायचं नव्हतं मला. तुम्हाला काय वाटलं?”

“वाटायचंय काय,” राणे म्हणाले, आणि फुलं विसरल्याचं निमित्त करून परत जिना उतरले.

चार वाजेपर्यंत सरोजिनीने साडी गोड्या पाण्यातून काढली, पंख्याखाली वाळवली, इस्त्री मारली. बांगड्याचा पुसट वास तेवढा राहिला. त्यावर उदबत्ती लावली.

परबबाई आल्या, विघ्नेश आला. पिंकी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि परबबाईंचा हात बशीकडे जाता जाता थांबला.

“ही आमचीच ना?”

“हो, काकू. मी रंगवून घेतली,” पिंकी म्हणाली. “झेंडू, कांद्याच्या साली आणि खिळे.”

“खिळे?” परबबाई पुढे वाकल्या. त्यांनी काळ्या ठशांवर नजर रोखली, पण बोट लावलं नाही. मग पिंकीला सोडून त्या थेट राण्यांशी बोलू लागल्या, मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांशी बोलावं तशा. “राणेसाहेब, राग मानू नका. मुलीला कळत नाही. लोखंड, झेंडू, दोरा, हे कोणी नुसतं रंगासाठी करत नाही. दोन स्थळं मोडली म्हणालात ना? आमच्याकडे एक बाबा येतात. पिंकीला एकदा त्यांच्यासमोर बसवू. ते सांगतील काय आहे ते. मग करू याद्या, काय घाई आहे?”

विघ्नेश जमिनीकडे बघत होता. सरोजिनीचे डोळे नवऱ्याला सांगत होते, हो म्हणा, एकदा बसली तर काय होतंय. आणि पिंकी बापाकडे बघत होती. ट्रे हातात तसाच.

परबबाईंचं म्हणणं राण्यांना अक्षर न् अक्षर पटण्यासारखं होतं. सकाळी त्यांनी हेच सगळं स्वतः जुळवलं होतं, याच क्रमाने. ऐकताना मात्र आपलाच आवाज कुणीतरी टेप करून लावावा तसं त्यांना झालं.

“पिंकी कोणापुढे बसणार नाही,” ते म्हणाले.

“अहो, नुसतं बसायचं—”

“बसायचं तर मी बसतो, बाई. मला गरज आहे. आज सकाळी ही साडी मीच नेऊन राजोडीच्या समुद्रात टाकली होती.”

परबबाई उठल्या. पोह्यांना हात न लावता, पर्स काखेला मारून, मुलाला डोळ्याने खूण करून त्या जिना उतरल्या.

सरोजिनी स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटू लागली. पिंकीने ट्रे टीपॉयवर ठेवला. “गच्चीवर जाते,” एवढंच म्हणाली. “स्वप्नाने उजेडात पाहिलीच नाहीये अजून.” तिच्या पावलांचा आवाज वर गेला. तिसरं स्थळ. राणे एकटेच बसून राहिले, आणि आश्चर्य म्हणजे या वेळी त्यांना कुणाचाच संशय येईना.

बेल वाजली. दारात विघ्नेश होता, धापा टाकत.

“काय राहिलं?” राण्यांनी विचारलं.

“काही नाही. आई रिक्षात बसलीय.” त्याने कपाळावरचा घाम पुसला. “साडी नीट बघितलीच नाही मी. वर मान करायची हिंमत झाली नाही. पिंकी कुठेय?”

राण्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. सालस चेहरा, चालता रिक्षामीटर, खाली बसलेली आई. सगळंच संशयास्पद होतं.

“गच्चीवर,” ते म्हणाले.

तो दोन-दोन पायऱ्या चढत गेला. राण्यांनी चपला घातल्या आणि केवळ सेक्रेटरी या नात्याने, थोडं अंतर ठेवून, आवाज न करता त्याच्या मागोमाग वर निघाले.